दाराच्या पलीकडचं पाणी

"दाब डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो बरोबर काढावा लागतो."

हे वाक्य सर एकदाच बोलले होते. जेवणाच्या सुट्टीत, डब्याचं झाकण लावता लावता. बोलून झाल्यावर झाकण नीट बसलंय की नाही ते त्यांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं होतं. ती तेव्हा त्यांच्या विभागात नवी होती. नव्या माणसाला कोणतं वाक्य जपून ठेवायचं आणि कोणतं खरकट्याबरोबर टाकून द्यायचं ते कळत नाही, म्हणून तिने ते ठेवलं. पुढे चौदा वर्षांनी ती त्या विभागाची प्रमुख झाली आणि ते तिच्या हाताखाली आले. वाक्य तिच्यापाशीच राहिलं, कुणाची तरी परत करायची राहून गेलेली छत्री राहते तसं.

विभागाचं काम पाणी करण्याचं होतं. सिनेमात धरण फुटतं, बोट उलटते, तळघर भरतं; त्यातलं पुष्कळसं पाणी कुठे ओतलेलं नसतंच, ते कॉम्प्युटरवर हिशेब करून केलेलं असतं. अकरा माणसं, दोन खोल्या आणि तिसऱ्या खोलीत थंड हवेत घुमत बसलेली मशीनं. कोणी फेस करी, कोणी तुषार, कोणी पाण्यावरचा उजेड. सर दाब काढत. बावीस वर्षं ते दाबच काढत होते.

तोंडावर सगळे त्यांना सर म्हणत. पाठीमागे 'शेजारी'.

हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. नव्या माणसाला काम समजावताना ते हमखास शेजाऱ्यांवर येत. "पाणी दाबून लहान होत नाही, एवढं एकच सत्य धरून चाल. टाकीचे बारीक चौकोनी तुकडे कर. एकेक तुकडा म्हणजे एकेक घर. घरात जेवढं पाणी आलं तेवढंच बाहेर गेलं पाहिजे. जास्त येऊ लागलं तर घराने शेजाऱ्याला ढकलायचं. किती जोराने ढकलायचं, तो दाब. आता गंमत बघ. शेजाऱ्यालाही शेजारी आहेतच. म्हणजे माझा दाब ठरवायला मला आजूबाजूच्या सहा घरांचा दाब ठाऊक पाहिजे, आणि त्या सहांना माझा."

"मग आधी कुणाचा काढायचा?" नवा माणूस विचारी.

"कुणाचाच नाही. सगळ्यांनी आपापला अंदाज सांगायचा. शेजाऱ्याचं ऐकून आपला थोडा सुधारायचा. पुन्हा ऐकायचं, पुन्हा सुधारायचा. फेऱ्यांवर फेऱ्या. शेवटी सगळ्यांचं जुळतं."

"जुळतं?" पाण्यावरचा उजेड करणारा एकदा मागच्या खुर्चीतून म्हणाला होता. "आमच्या इमारतीत गच्चीच्या किल्लीवरून नऊ वर्षं फेऱ्या चालल्यात."

"तुमच्या इमारतीत माणसं राहतात," सर म्हणाले. "या घरांत नुसतं पाणी राहतं."

त्या दिवसापासून उजेडवाल्याने त्यांना शेजारी केलं. सरांना ते ठाऊक होतं. त्यांनी कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

आणखी एक गोष्ट ते नव्या माणसाला सांगत. हसत सांगत, म्हणून ऐकणाराही हसे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून गेलेल्या पहिल्या सिनेमात एक पत्र्याचा टब होता. माणूस टबात बसतो, पाणी हिंदकळतं, एवढंच दृश्य. तेव्हाची मशीनं गोगलगाईसारखी. सरांनी फेऱ्या अर्ध्यावर तोडल्या. नजरेला फरक दिसत नव्हता. सिनेमा लागला तेव्हा ते आईला घेऊन गेले. आईने दूध केंद्राच्या खिडकीत सव्वीस वर्षं मापं ओतली होती. लिटर, अर्धा, पाव. टबाचं दृश्य आलं आणि अंधारात तिने त्यांना कोपराने ढोसलं.

"अरे, माप कमी भरतंय."

"आई, गप गं."

"गप काय? बसला तेव्हा पाणी काठाला होतं. आता बघ. सांडलं तर कुठे नाही. प्यायला की काय मेला?"

दुसऱ्या दिवशी सरांनी मोजलं. दृश्य संपेपर्यंत टबातलं जवळजवळ पाव पाणी गेलं होतं. कुठेच गेलं नव्हतं, नुसतं गेलं होतं. प्रत्येक फ्रेममध्ये दाब किंचित चुकत होता आणि प्रत्येक चुकीबरोबर थोडं पाणी नाहीसं होत होतं. त्यांनी प्रोग्रामात एक ओळ घातली. एकेक फ्रेम झाली की सगळं पाणी मोजायचं आणि आकडा छापायचा. बावीस वर्षांत तो प्रोग्राम चार वेळा मोडून नव्याने लिहिला गेला, ती ओळ प्रत्येक वेळी नव्यात गेली. सगळं जुळलं तर स्क्रीनच्या तळाशी दोन शब्द उमटत: माप बरोबर. विभागात त्याला 'आईचं माप' म्हणत. आई वारली त्या आठवड्यात सर चार दिवस आले नव्हते. पाचव्या दिवशी आले, मशीन सुरू केलं, त्या दोन शब्दांकडे थोडा वेळ बघितलं आणि कामाला लागले. तिने ते काचेपलीकडून पाहिलं होतं. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. प्रमुख झाल्यावरही ती तिथेच नंबर काढायला जायची आणि सरांच्या बायकोला काकू म्हणायची. काकू दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा सरकवत विचारत, "हे स्पष्ट की ते?" आणि मधल्या वेळात नवऱ्याच्या तक्रारी सांगत.

"तुमचे सर नळ बंद करतात, चार पावलं जातात, परत येतात, नळाला हात लावून बघतात. दाराचं तेच. खिटी बसली तरी एकदा ढकलून बघायचंच. मी म्हणते, दार काय तुमची पाठ वळायची वाट बघत टपलंय का? हे स्पष्ट की ते?"

"ते."

"बघा, घाईत सांगू नका. हे, की ते?"

मग तो सिनेमा आला.

दिग्दर्शक गाजलेला होता आणि कमी बोलायचा. त्याचं सगळं घोडं एका दृश्यावर अडलं होतं. तळघरात दोन खोल्या. मध्ये लोखंडी दार, पत्रा म्हणावा इतकं पातळ. अलीकडच्या खोलीत माणूस गुडघाभर पाण्यात दाराला टेकून उभा. पलीकडच्या खोलीत पाणी छतापर्यंत चढत चाललेलं. प्रेक्षकाला दोन्ही खोल्या दिसतात, माणसाला एकच. "त्याच्या गुडघ्याजवळचं पाणी आरशासारखं पाहिजे," दिग्दर्शक म्हणाला होता. "पलीकडे काय चाललंय याचा त्याला गंधसुद्धा नाही."

हा धरून पाण्याचे तेवीस शॉट. एका फ्रेमला चाळीस मिनिटं लागत, त्यातली पस्तीस एकट्या दाबाची. तिने आकडेमोड केली. या गतीने सिनेमा पुढच्या वर्षी कधीतरी झाला असता. वरच्या मजल्यावर तिला बोलावून सांगण्यात आलं की बाहेर एक कंपनी तयार पाणी देते, सहा आठवड्यांत जमलं नाही तर पाण्याचं काम तिकडे जाईल. फेसवाल्याला धुळीच्या विभागात घेता येईल, उजेडवाल्याला कुठेही. उरलेल्यांचंही बघता येईल. सरांचं नाव कुणी घेतलं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी दाबाशिवाय दुसरं काही न येणाऱ्या माणसाचं काय बघायचं, हा प्रश्न टेबलावर ठेवला गेला आणि तिथेच राहिला.

ती खाली आली. सर चष्मा पुसत होते.

"सर, चाळीसाचे दहा करायचेत."

"मिनिटं की माणसं?"

"मिनिटं झाली नाहीत तर माणसं. अकरा."

त्यांनी चष्मा चढवला. "मला पण धरून?"

"तुम्हाला धरूनच."

"बरं," ते म्हणाले, जसं काही तिने खिडकी लावायला सांगितली होती. मग खुर्ची तिच्याकडे वळवून म्हणाले, "ऐक पोरी. आपलं घोडं कुठे पेंड खातं सांगू? बातमीच्या वेगात. एका फेरीत बातमी एकच घर पुढे जाते. तळाला पाणी तुंबलं हे छताजवळच्या घराला कळायला तीनशे फेऱ्या. मग त्याचं उत्तर खाली यायला आणखी तीनशे."

"मग?"

"मग मोठी घरं करायची. आठ घरांचं एक. तसल्या आठांचं आणखी मोठं एक. आधी मोठ्यांनी आपसांत बोलून घ्यायचं. चारदोन घरंच असतात, चटकन मिटतं. मग त्यांनी आपल्या पोटातल्या लहानांना सांगायचं, त्यांनी बारीकसारीक तेवढं दुरुस्त करायचं. खाली-वर, खाली-वर. सहाशेच्या जागी आठ फेऱ्या."

ही युक्ती त्यांची नव्हती. पुस्तकांत ती जुनी होती, दुसऱ्या कामांत लोक वापरतही होते. पण विभागाच्या पाण्याला वाकडे काठ, हलत्या वस्तू, मधे फिरणारी माणसं, दर क्षणाला बदलणारी पातळी. त्याला ती नीट बसवणं म्हणजे चालत्या माणसाच्या अंगावर सदरा शिवणं होतं. सरांनी ते पाच आठवड्यांत केलं. रोज सकाळी आठला येत, साडेपाचला जात, मधे कुणाशी बोलत नसत. सहाव्या आठवड्याच्या मंगळवारी फ्रेमला तेरा मिनिटं लागली.

"दहा," ती म्हणाली.

"तुला तेरा दिसत नाहीत का?"

"दिसतात. वरच्यांना दहा पाहिजेत."

दोघं शेजारी बसून प्रोग्राम वाचत गेले. दर फेरीनंतर प्रोग्राम थांबायचा आणि घराघरांत जाऊन तपासायचा की कुणाचं किती चुकतंय. सगळ्यांत मोठी चूक पुरेशी लहान झाली की फेऱ्या बंद. तपासण्याला वेळ लागत होता.

"सर, हे कशाला? तुमच्या सगळ्या चाचण्यांत आठ फेऱ्यांत जुळतंय. आठ मोजायच्या आणि थांबायचं. शेवटी आईचं माप आहेच की. पाणी गेलं तर कळेलच."

सरांनी त्या ओळींवरून बोट फिरवलं. तिला वाटलं नाही म्हणणार. पण ते म्हणाले, "हो. माप आहे." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तपासणीच्या ओळी काढल्या.

नऊ मिनिटं. खाली दोन शब्द: माप बरोबर. उजेडवाल्याने खुर्चीवर उभं राहून जाहीर केलं की शेजारी आता संपूर्ण वसाहतीचे अध्यक्ष झाले आहेत आणि गच्चीची किल्ली त्यांच्याकडे देण्यात यावी. सर हसले. तिने त्यांचे दात चौदा वर्षांत दुसऱ्यांदा पाहिले. तेवीस शॉट मशीनवर चढले. वरून निरोप आला की छान, सोमवारी दिग्दर्शकाला दाखवू, त्याने मान डोलावली की विभाग आहे तसा राहील.

गुरुवारी सकाळी सर तिच्या खोलीत आले. दार लावलं, लागलंय का ते ढकलून पाहिलं आणि उभेच राहिले.

"मॅडम," ते म्हणाले.

रागावले किंवा घाबरले की ते तिला मॅडम म्हणत. ती उठली आणि त्यांच्यामागून त्यांच्या स्क्रीनपाशी गेली.

तळघराचा शॉट लावलेला होता. पलीकडच्या खोलीत पाणी उसळ्या घेत वर चढत होतं. अलीकडे माणूस दाराला टेकून उभा होता. त्याच्या गुडघ्याजवळचं पाणी शहारत होतं. फार नाही. कातडीवर काटा यावा इतकंच. त्या खोलीत काहीही हलत नव्हतं आणि पाणी शहारत होतं.

"माणूस हलला असेल."

"माणूस दगड आहे. मीच ठेवलाय त्याला."

"मग?"

"मी आज तपासणी परत लावली. आपली माझ्या मनासाठी. आठ फेऱ्यांत सुटत नाही हा शॉट. सत्तर लागतात. बाकीचे बावीस आठात सुटतात, हा एकच नाही." त्यांनी बोटाने स्क्रीनवर दाराची रेघ दाखवली. "हे दार एका लहान घराएवढं जाड आहे. मोठी घरं करताना मी नियम लिहिला, आठांतली निम्मी किंवा जास्त घरं पाण्याची असतील तर मोठं घर पाण्याचं. या दाराच्या प्रत्येक मोठ्या घरात चार पाण्याची, चार दाराची. म्हणजे मोठी घरं बोलायला बसली की त्यांच्यामध्ये दारच नाही."

तिला कळायला एक क्षण लागला.

"लोक म्हणतात भिंतीला कान असतात," सर म्हणाले. "इथे भिंतच नाही. पलीकडचा दाब सरळ इकडे येतो. मग लहान घरं दुरुस्त करत बसतात, पण आठ फेऱ्यांत त्यांचं उरकत नाही."

"पण माप?" तिने खाली बोट दाखवलं. "माप बरोबर आहे."

"तेच तर." त्यांचा आवाज बदलला नाही. "मी दोन्ही खोल्या वेगवेगळ्या मोजल्या. पलीकडे कमी आहे. इकडे तेवढंच जास्त. शॉट संपेपर्यंत याच्या गुडघ्याजवळ चार बोटं पाणी वाढलंय. दारातून एक थेंब आलेला नाही. आणि बेरीज जुळते."

मागे मशीनांच्या खोलीतून घुमल्याचा आवाज येत होता. फेसवाला कुणाला तरी फोनवर सांगत होता की भाजी तूच आण, मला उशीर होईल. सर त्या दोन शब्दांकडे बघत होते. बावीस वर्षं त्यांनी सगळं पाणी एकत्र मोजलं होतं. आईने एका टबाचं माप पाहिलं होतं, आणि एका टबाला ते पुरेसं होतं. दोन खोल्या असतील तर दोन मापं लागतात, हे त्यांना सुचलं नव्हतं.

"दार जाड करू," ती म्हणाली.

"करून पाहिलं. माणसाचा खांदा दारात शिरतो."

"सत्तर फेऱ्या घेऊ. या एकाच शॉटला."

"सोमवारपर्यंत निम्मा होईल. हा सगळ्यांत लांब आहे."

"आणि नीट करायचं म्हटलं तर?"

"एका पत्त्यावर दोन घरं ठेवायची. मोठं घर दाराच्या दोन्ही बाजूंना पडत असेल तर त्याची दोन घरं धरायची, एक इकडचं, एक तिकडचं. म्हणजे मोठ्यांच्या बैठकीतही दार राहील." त्यांनी विचार केला. "दोन आठवडे. दहा दिवस, जर कुणी मला हाक मारली नाही तर."

सोमवारला चार दिवस होते. तिने खुर्ची ओढली आणि बसली. सरांच्या टेबलावर डबा होता, चष्म्याची पेटी होती, दूध मोजायचं पाव लिटरचं जुनं ॲल्युमिनियमचं माप होतं, त्यात पेन्सिली होत्या.

"सर, कोण बघणार आहे?"

बोलल्यावर तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"कुणी नाही बघणार," ते म्हणाले. "पण त्याला आरसा हवा होता. आपण त्याला सांगू. म्हणू, बावीस झालेत, हा एक चुकलाय, दहा दिवस दे. देईल. माणूस बरा वाटतो."

"वरचे देणार नाहीत. त्यांना निमित्तच हवंय."

"मग मी सांगतो. चूक माझी आहे. नियम मी लिहिला."

"तपासणी मी काढायला लावली."

"काढली मी."

दोघं थोडा वेळ चूक एकमेकांकडे सरकवत बसले, पंगतीत उरलेला शेवटचा लाडू सरकवावा तशी. शेवटी ती म्हणाली, "मी सांगते. प्रमुख मी आहे. तुम्ही बोलू नका, तुम्ही बोललात की शेजाऱ्यांपासून सुरू कराल आणि त्याचं विमान चुकेल."

त्यावर सर हसले नाहीत, पण मान हलवली. "सांगशील ना?"

"सांगते म्हटलं ना."

"बरं, पोरी," ते म्हणाले.

शुक्रवारी त्यांनी दोन घरांचं काम सुरू केलं. ती दोनदा त्यांच्या टेबलावरून गेली. दोन्ही वेळा त्यांनी मान वर केली नाही. शनिवारी सकाळी ती चष्म्याच्या दुकानात गेली. नंबर बदलला नव्हता, तिलाही ते ठाऊक होतं.

"काय म्हणतात सर?"

"काय म्हणणार? हे स्पष्ट की ते?" काकूंनी काच सरकवली, तिने 'ते' म्हटल्यावर पुढे बोलल्या. "काल जेवताना म्हणाले, सोमवारी पोरगी बोलणार आहे, मला बोलायचं नाही. बरं वाटलं त्यांना. म्हणाले, बावीस वर्षांत आपल्यासाठी दुसरं कुणी कधी बोललं नव्हतं. ते की हे?"

"हे," ती म्हणाली.

"मघाशी ते म्हणालात."

सोमवारी सकाळी साडेदहाला दाखवायच्या खोलीत सगळे जमले. खोली लहान होती, खुर्च्या जड होत्या. पहिल्या रांगेत दिग्दर्शक, त्याच्या डाव्या हाताला वरच्या मजल्याचे दोघं, उजव्या हाताला ती. मागे विभाग. सर दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. कुणी तरी दिवे मालवले.

बावीस शॉट झाले. दिग्दर्शक एकदाच "हं" म्हणाला, आणि वरच्या दोघांनी त्या हुंकाराकडे बघून एकमेकांना मान डोलावली. तेविसावा लागण्याआधी तिने सांगायचं ठरवलं होतं. वाक्य तयार होतं: हा शॉट अजून पुरा नाही. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात वरच्या मजल्याच्या दोघांतला एक वाकून दिग्दर्शकाला म्हणाला, "आता तुमचं तळघर," आणि शॉट सुरू झाला.

पलीकडे पाणी चढलं. अलीकडे माणूस दाराला टेकला. त्याच्या गुडघ्याजवळचं पाणी शहारलं.

दिग्दर्शक पुढे सरकला. "थांबवा. पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. तिने हातांची बोटं एकमेकांत अडकवली. आपण बोलायची गरजच उरली नाही, असा एक हलका विचार तिच्या मनात आला. त्याने पाहिलंय. तोच विचारेल, आपण फक्त उत्तर द्यायचं.

"तिसऱ्यांदा," दिग्दर्शक म्हणाला.

तिसऱ्यांदा तो हसला. आवाज न करता, अंधारात, दात दिसतील इतका. "त्याला कळलेलं नाही," तो म्हणाला, "आणि पाण्याला कळलंय."

त्याने स्क्रीनकडे बोट केलं.

"मी आरसा मागितला होता. आरसा मूर्खपणा होता. हे बघा, दार बंद आहे, एक थेंब येत नाही, आणि त्याच्या पायाशी पाणी घाबरलंय. माणसाच्या आधी पाणी घाबरलंय." तो तिच्याकडे वळला. "दिवे लावा जरा. हे कुणाचं डोकं?"

दिवे लागले. वरच्या मजल्याचे दोघं तिच्याकडे असं बघत होते, जसं नोकरीवर घेतानाच त्यांना हे ठाऊक होतं. मागे उजेडवाला खुर्चीत पुढे आला होता. त्याला काही माहीत नव्हतं. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. अकरा माणसं होती. ती जागच्या जागी राहणार होती. हे सगळं तिच्या तोंडून निघायच्या एका वाक्यावर अवलंबून नव्हतं. ते ठरून गेलं होतं, वाक्य फक्त उरलं होतं.

"चुकून झालेलं नाही ना हे?" दिग्दर्शक गमतीत म्हणाला. "चुकून झालं असेल तर आणखी दोन शॉट मी मागितले की त्यांत हे परत कसं मिळणार?"

तिने मागे वळून पाहिलं. सर तिच्याकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पहिल्या दिवशी काम समजावताना शेवटी ते थांबत आणि समोरच्याला कळलं का ते बघत, तसे ते बघत होते. थांबले होते. बोलायचं नाही असं तिनेच त्यांना सांगितलं होतं.

"चुकून कसं होईल?" ती म्हणाली. "सरांची कल्पना. दार त्यांनी मुद्दाम तसं ठेवलंय."

"वा," दिग्दर्शक म्हणाला आणि उठून मागे वळला. "वा, सर. मला सांगा, हे सुचलं कसं?"

उजेडवाल्याने टाळ्या वाजवल्या. त्याचं बघून फेसवाल्याने, मग सगळ्यांनी. वरच्या मजल्याचा एक जण म्हणाला की हा प्रकार इतर सिनेमांतही देता येईल, याला काहीतरी नाव द्यायला हवं. स्क्रीनवर शॉट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता, कुणी बंद केला नव्हता. उजेडात तो फिकट दिसत होता. पलीकडे पाणी चढत होतं. तळाशी, एका कोपऱ्यात, ते दोन शब्द होते.

सर उठले. त्यांनी चष्मा काढला, पेटीत ठेवला, पेटी खिशात ठेवली. दिग्दर्शक त्यांच्या उत्तरासाठी मान किंचित कलती करून उभा होता. ती म्हणाली, "सर." ते तिच्या समोरून गेले नाहीत, दार त्यांच्या बाजूलाच होतं. त्यांनी ते उघडलं आणि बाहेर पडले. दार सताड उघडं राहिलं. ते लागलंय का हे बघायला ते परत आले नाहीत.